नेपाळ पेटलं तेव्हा जेटीवरची पोरं: एका बंदरातलं प्रकरण

प्रकरण तसं छोटंच आहे. रत्नागिरी तालुक्यातलं एक बंदर, तिथल्या बोटींवर काम करणारे वीसेक नेपाळी खलाशी, आणि वर सड्यावरच्या आंबा बागांत राहणारी चार-पाच नेपाळी कुटुंबं. काळ सप्टेंबर ते डिसेंबर २०२५. बंदराचं नाव मुद्दाम टाकत नाही, माणसांची तर नाहीच, कारण ह्यातली बरीचशी माणसं अजून तिथेच काम करतायत आणि उद्या कोणी नाखवा (बोटीचा मालक) हे वाचून पोरांवर डाफरायला नको. ह्या पोरांसाठी धावपळ करणारा आमचा ग्रुप म्हणजे काही संस्था वगैरे नाही, दोन शिक्षक, एक आशाताई, एक रिटायर्ड पोस्टमास्तर आणि मी, असे गावातलेच.

रत्नागिरीकरांना सांगायची गरज नाही पण बाहेरच्यांसाठी थोडं. आपली पोरं मुंबई-पुण्याला गेली, बोटीवर चढायला कोणी मिळेना, मग हळूहळू नेपाळी पोरं आली आणि आता अशी परिस्थिती आहे की ती नसतील तर अर्ध्या बोटी जेटीलाच बांधून ठेवाव्या लागतील. बहुतेक पश्चिम नेपाळातली, अछाम, डोटी, बाजुरा, कैलाली, कालिकोट अशा जिल्ह्यांतली. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे व्हिसा लागत नाही, नेपाळची नागरिकता नावाचं ओळखपत्र असलं की झालं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा गावी जातात आणि बंदी उठायच्या आत परत हजर. बागेतल्यांचं चक्र वेगळं, पावसाळ्यानंतर गवत काढणी, मग फवारण्या, राखण, मेपर्यंत तोडणी, आणि ते बायकापोरांसकट राहतात, बऱ्याचदा बागेच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या खोलीत. गावात सगळ्यांना एकच हाक, बहादूर. खरं नाव शंभरातल्या दोघांना माहीत असेल.

आता तिकडे काय झालं ते. ४ सप्टेंबरला नेपाळ सरकारने फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टा, यूट्यूब धरून २६ ॲप बंद करायचा आदेश काढला, कारण काय तर नोंदणी केली नाही. नेत्यांच्या पोरांच्या ऐषारामाचे व्हिडिओ आधीपासून फिरत होतेच, राग साचलेला होता. ८ तारखेला काठमांडूत शाळा-कॉलेजची पोरं रस्त्यावर उतरली, काही तर युनिफॉर्मवर, आणि पोलिसांनी गोळीबार केला, एका दिवसात १९ मेले. रात्री बंदी उठवली पण आता उशीर झाला होता. ९ ला पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला, संसद, सिंहदरबार (तिकडचं मंत्रालय), सुप्रीम कोर्ट सगळीकडे आगी लागल्या, तुरुंग फुटले आणि १३ हजारांच्या वर कैदी पळाले, रात्री लष्कराने ताबा घेतला. १२ ला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की अंतरिम पंतप्रधान झाल्या, संसद बरखास्त झाली आणि ५ मार्च २०२६ ला निवडणूक जाहीर झाली. मृतांचा आकडा पुढे सत्तरच्या वर गेला.

इथे काय चालू होतं? अनंत चतुर्दशी ६ तारखेला झाली, चाकरमानी परत गेले, गाव जरा सुस्तावलेलं. पोरांचं मात्र ४-५ तारखेपासूनच घरी बोलणं बंद. ह्यांचं घराशी सगळं बोलणं व्हॉट्सॲप नाहीतर मेसेंजरवर, साधा आयएसडी कॉल कोणाला परवडतोय. टिकटॉक तिकडे चालू होतं पण आपल्याकडे ते २०२० पासून बंद. दोन्हीकडे चालणारं उरलं एक व्हायबर नावाचं ॲप, आणि ते ह्यांच्यातल्या एकाच्याही फोनमध्ये नव्हतं.

त्यात अर्ध्या बोटी दर्यात. ज्या बोटी १० तारखेच्या आसपास परत फिरल्या त्यांच्यावरच्या पोरांना किनाऱ्याजवळ येईपर्यंत पत्ताच नव्हता. रेंज आली आणि बंद पडलेल्या दिवसांचं सगळं एकदम फोनवर आदळलं, आगी, रक्त, रडणारी माणसं, पळणारी माणसं. गंमत बघा (गंमत कसली), व्हिडिओ येत होते पण घरून फोन येत नव्हता. एक तांडेल (बोट चालवणारा) मला सांगत होता, पोरं जाळं ओढायची सोडून फोन धरून बसली, मी ओरडलो, मग एकाच्या फोनमध्ये बघितलं नि गप बसलो.

ह्या प्रकरणात तिघांबद्दल जास्त सांगावं लागेल.

पहिला एकोणीस वर्षांचा, कैलालीकडचा. ह्याचा मोठा भाऊ काठमांडूत कॉलेजला. फी कोण भरतं तर हा, बोटीवरच्या पगारातून. भाऊ मोर्चात गेला होता, दोन दिवस फोन लागला नाही, मग कळलं की पायाला लागलंय, हॉस्पिटलात आहे. पोरगा जेवेना. रात्री जेटीवर दोरांच्या गुंडाळ्यांवर बसून राहायचा, फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, दर पाच मिनिटांनी पिशवीतून काढून बघायचा आणि परत गुंडाळायचा. त्याचं एकच म्हणणं, मला घरी जायचंय.

दुसरा बावीसचा, त्याच भागातला, अगदी उलट. हा खूश होता. स्टेटसवर जळता सिंहदरबार, बोलायला लागला की थांबायचा नाही, चोर लोक होते, बरं झालं, आता आमचं राज्य. बाकीच्या पोरांना ह्याचं ऐकायला आवडायचं, आणि खरं सांगायचं तर मलाही त्याचं काही चुकतंय असं वाटत नव्हतं.

तिसरा पन्नाशीच्या आसपासचा, बागेत राखणीला असणारा, वीसेक वर्षं कोकणात. हा माओवादी युद्धाच्या काळात घर सोडून आलेला. १९९६ ते २००६, सतरा हजार माणसं मेली म्हणतात त्या युद्धात, आणि ह्याच्या गावात तेव्हा तरण्या पोरांची पंचाईत अशी की रात्री माओवादी उचलायला येणार आणि दिवसा पोलीस विचारायला येणार. तो म्हणाला, जाळून काय मिळतं ते आम्ही बघितलंय. बावीसचा फाडकन म्हणाला, तुम्ही बघितलं नाही, तुम्ही पळून आलात. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोललेच नाहीत. ही फूट आम्हाला सुरुवातीला दिसलीच नसती, कारण गावाला सगळे बहादूर सारखेच.

त्याच आठवड्यात बाहेरून एका संस्थेचे लोक आले. हेतू चांगला असणार. पोरांना समाजमंदिरात गोल बसवलं, मागे बॅनर लावला, हिंदीतून विचारलं की आपको कैसा लग रहा है, मन खोल के बोलो. कोणी तोंड उघडलं नाही. एकाने हळूच विचारलं, सेठ को मालूम पडेगा क्या. फोटो काढून मंडळी गेली. मानसिक प्रथमोपचारावर जागतिक आरोग्य संघटनेचं २०११ चं मार्गदर्शक आहे, त्यात साधी तीन कामं सांगितलीत, बघा, ऐका, जोडून द्या. आणि कोणाला झाल्याप्रकाराबद्दल बोलायला जबरदस्ती करू नका हे स्पष्ट लिहिलंय. आमच्या आशाताईला हे ट्रेनिंगमध्ये कधीतरी सांगितलेलं आणि तिच्या लक्षात होतं. ती म्हणाली, आधी ह्यांचे फोन लावून द्या, मग बघू मनाचं.

तर पहिलं काम फोन. पोस्टमास्तरांच्या ओट्यावर पोरांना आळीपाळीने बोलावलं, व्हायबर टाकून दिलं, ज्यांच्या घरी स्मार्टफोनच नाही त्यांच्यासाठी आम्ही वर्गणी काढून आयएसडी रिचार्ज मारला, मग प्रत्येकाच्या घरचा, शेजाऱ्याचा, जिल्ह्याच्या गावातल्या एखाद्या दुकानाचा असे दोन-तीन नंबर वहीत लिहून घेतले. बंदी तोपर्यंत उठली होती, व्हॉट्सॲप चालू झालं होतं, तरी हे केलं, कारण परत कधी काय बंद होईल सांगता येत नाही. दोन दिवसांत बहुतेकांचं घरी बोलणं झालं आणि अर्धी पोरं तिथेच सावरली. खरंच. त्यांना कुठलं समुपदेशन लागलं नाही. आईचा आवाज ऐकला, जेवली, बोटीवर गेली.

उरली ती ज्यांना जायचं होतं. आणि तिथे आडवी आली उचल.

उचल म्हणजे सीझनच्या आधी घेतलेला ॲडव्हान्स, कोकणातल्या बंदरांवर हे सगळीकडे चालतं. एकोणीसवाल्याने जुलैमध्ये ४० हजार घेतले होते, घरी पाठवले होते, भावाची फी आणि घराचं पत्र्याचं काम. पगार महिना १५ हजार आणि जेवण. नाखवा म्हणाला, जा की, पण आधी माझे पैसे ठेव. आम्ही नाखव्याच्या घरी जाऊन बसलो. वही मागितली. आधी देईना, मग त्याच्या बायकोनेच आतून आणून दिली. जाड पुठ्ठ्याची वही, कोपऱ्यांना खारं पाणी लागून फुगलेली, प्रत्येक खलाशाला एक पान, पेन्सिलने लिहिलेलं. उचल ४००००. त्याखाली रिचार्ज २९९, डॉक्टर ३५०, चप्पल, परत रिचार्ज, रेनकोट, गणपतीत ५००. मिळून खालचे ३२००. ऑगस्ट आणि सप्टेंबरचे बारा दिवस धरून पगार झालेला २१ हजार. म्हणजे बाकी २२ हजार दोनशे. पोराला वाटत होतं आपण अजून ४० च्या वर देणं लागतो आणि म्हणून तो तोंड उघडत नव्हता. नाखव्याला वाटत होतं हा गेला तर येणार नाही, आणि ऐन सप्टेंबरात बदली खलाशी कुठून आणू, डिझेलची माझीच उधारी थकलीय. दोघांचंही खोटं नव्हतं. नाखव्यांना राक्षस ठरवून मोकळं व्हायची एक फॅशन आहे, ती मला पटत नाही, पण वही पोराला न दाखवणं हे मात्र चूकच, त्यात दुमत नाही.

तास-दीड तास बोलून ठरलं ते असं. बाकी कागदावर लिहून दोघांनी सही करायची, एक प्रत पोराकडे. त्याला हवं तेव्हा जाता येईल, दुसऱ्या बोटीवरचा त्याचा चुलतभाऊ तेवढे दिवस ह्या बोटीवर येईल. आणि १० हजार आत्ता लगेच घरी पाठवायला, तेही खात्यात चढवून. पैसे पाठवायला पोरं एरवी कुठल्यातरी ओळखीच्या माणसाकडे रोख देतात, तो किती कापतो ते त्यालाच ठाऊक. आपल्या बँकांतून नेपाळला पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची सोय २००८ पासून आहे, खातं नसलेल्यालाही रोख भरून ५० हजारांपर्यंत पाठवता येतात, शंभर रुपयांचे तिकडे एकशेसाठ मिळतात हे तर पोरांना पाठच असतं. पोस्टमास्तर स्वतः बँकेत गेले, कारण काउंटरवर पहिलं उत्तर असं काही होत नाही हेच आलं. झालं शेवटी.

आता मजा ऐका. जायला मिळणार हे नक्की झालं आणि पोरगा गेलाच नाही. भावाशी बोलला, भाऊ म्हणाला प्लास्टर आहे, मी ठीक आहे, येऊन गाडीभाड्यात पैसे घालवू नकोस, तिहारला (म्हणजे त्यांच्या दिवाळीला) ये. दुसऱ्या दिवसापासून जेवायला लागला. आम्ही त्याला जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं होतं, टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही देऊन ठेवला होता. त्याने फोन केला नाही, किंवा केला असेल तर सांगितलं नाही, दोन्ही चालतं.

बावीसवाला मात्र २५ सप्टेंबरला न सांगता गेला. मंगला एक्सप्रेसने दिल्ली, आनंद विहारवरून बनबसाची बस, तिथून सीमेपलीकडे, हा रस्ता सगळ्यांना माहीत असतो. त्याच्या नाखव्याने उचल त्याच्या मावसभावाच्या पानावर चढवली, जो बिचारा ह्यात कुठेच नव्हता. आम्ही भांडलो, अजून भांडतोय. त्या नाखव्याने वही दाखवली नाहीये.

गावाचं काय? पहिले आठ दिवस वाईट होते. कैदी पळाल्याची बातमी आली, सीमेवर एसएसबीने (सशस्त्र सीमा बलाने) काही पकडले अशीही आली, की लगेच गावच्या ग्रुपवर मेसेज सुरू, आपल्या इथे कोण कोण घुसलेत तपासा, रात्री दारं लावा. जी पोरं पाच-पाच वर्षं इथे आहेत त्यांच्याकडे दुकानदार वळून बघायला लागले. शाळेत सातवीतल्या एका मुलीला दोन पोरांनी विचारलं, तुझा बाप कुठल्या जेलातून आलाय. ती बागेतल्या कुटुंबातली, चौथीपासून इथे, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध लिहिते. तीन दिवस शाळेत आली नाही. तिच्या बाईंनी चांगलं केलं ते हे की वर्गात उभं करून नेपाळवर भाषण वगैरे द्यायला लावलं नाही. त्या पोरांना एकटं बोलावून समज दिली, आणि स्वतः बागेत जाऊन मुलीला घेऊन आल्या. तिच्या धाकट्या भावाचा पहिलीचा दाखलाच झालेला नव्हता, जन्मदाखला नाही म्हणून आईबाप गेलेच नव्हते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, ते काम त्याच फेरीत झालं.

पोलिसांशी आम्हीच आधी बोललो. सगळ्या खलाशांची यादी, फोटो, नागरिकतेच्या झेरॉक्स मालकांकडून जमा करून ठाण्यात दिल्या. ती यादी खरं म्हणजे सीझनच्या सुरुवातीलाच द्यायची असते, असो. हवालदार जेटीवर येऊन पोरांशी बोलून गेले, आणि मालकांनीच ग्रुपवर टाकलं की सगळ्यांची नोंद झालीय. मेसेज कमी झाले.

पण गावाचा सूर खरा बदलला तो वाडीच्या मीटिंगमध्ये. एक आजी, पंच्याहत्तरीच्या, सहसा बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, ब्याऐंशीला गिरणीचा संप झाला तेव्हा आमचे हे मुंबईतच होते, मनीऑर्डर बंद, पत्र नाय, लोक सांगत येत होते की तिकडे मारामाऱ्या चालू हायत, आणि आम्ही हितं चार पोरं घेऊन बसलेलो, तेव्हा दुकानदारान् उधार दिला म्हणून जगलो, त्यान् दार लावला असता तर? जानेवारी १९८२ चा तो संप, अडीच लाख कामगार, आणि त्यातली किती घरं रत्नागिरी-सिंधुदुर्गातली ते इथे प्रत्येक वाडीला ठाऊक आहे. मीटिंगमध्ये मग कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी किराणावाल्याने पोरांची उधारी परत सुरू केली.

बागेतल्या बायकांचं सगळ्यात उशिरा लक्षात आलं. पोरं जेटीवर दिसतात, ह्या दिसत नाहीत. फोन नवऱ्याकडे, नवरा फवारणीला, घरी काय झालंय ते संध्याकाळी कळणार, तेही त्याला सांगावंसं वाटलं तर. एक बाई सहावा महिना असलेली, आठवडाभर झोपली नव्हती, माहेर नेपाळगंजकडे, तिथे कर्फ्यू. आशाताईने तिला स्वतःच्या फोनवरून आईशी बोलवलं आणि मग प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. त्या बाईला वाटत होतं की नेपाळी म्हणून पैसे पडतील. ऑगस्ट २०२३ पासून सरकारी दवाखान्यात केसपेपरलाही पैसे नाहीत. हे तिला दोन वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

२२ सप्टेंबरला घट बसले, त्याच दिवशी त्यांचंही दशैं, म्हणजे त्यांचा दसरा, सुरू. आपण घटाखाली मातीत धान्य रुजवतो तसा त्यांचा जमरा, जवाचा. विजयादशमीला, २ ऑक्टोबरला, बागेतल्या त्या राखणदाराने दही-तांदळाचा लाल टिका सगळ्या पोरांना लावला, मोठ्यांनी धाकट्यांना लावायचा असतो तो. आजीपण गेल्या होत्या, त्यांनीही लावून घेतला, वय कोणाचं जास्त हा प्रश्न तेव्हा कोणी काढला नाही. लगेच शक्ती चक्रीवादळाचा इशारा आला आणि बोटी बंदरातच अडकल्या. पोरं रिकामी, पाऊस, जवळ दारूचं दुकान, आम्हाला धास्तीच होती. ते दिवस आम्ही वह्यांना लावले. एका नाखव्याने दाखवली म्हणून दुसऱ्याने दाखवली, जाळी शिवता शिवता हिशेब झाले, आठ-नऊ जणांच्या हातात त्यांच्या बाकीचा कागद आला.

त्या गडबडीतच एक गोष्ट बाहेर आली. एका पोराकडे नागरिकताच नव्हती, मालकाने यादीत वय एकोणीस लावलेलं. नेपाळात नागरिकता सोळाव्या वर्षी निघते. फोनमधल्या जन्मनोंदणीच्या फोटोवरून हिशेब केला तर सोळा पूर्ण होऊन काही महिने. बाल कल्याण समितीला कळवलं. त्याला बोटीवरून उतरवलं, तर तो आमच्यावरच भडकला, घरी पैसे कोण पाठवणार. सध्या एका शिक्षकांच्या घरी राहतो, समितीसमोर तारखा चालू आहेत, गावी वडिलांशी बोलणं झालंय. तो अजून आमच्याशी नीट बोलत नाही, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही बोललो नसतो.

एकोणीसवाला तिहारला जाऊन नोव्हेंबरात परत आला, भाऊ काठी घेऊन चालतो म्हणाला. डिसेंबरात पोरांच्यात मार्च २०२६ च्या निवडणुकीची चर्चा होती. परदेशातून मत देता येत नव्हतं, जायचं तर ऐन सीझनमध्ये पंधरा दिवस मोडणार होते. सुट्टी मागणारे सात जण होते. दोन नाखव्यांनी हो म्हटलं होतं, बदली माणसं कोण ते ठरवून लिहून ठेवलं होतं. बाकीच्यांशी बोलणं चालू होतं, आणि मावसभावाच्या पानावर चढवलेली उचल उतरवल्याशिवाय त्या तिसऱ्या नाखव्याकडे सुट्टीचा विषय काढायचा की नाही ह्यावर आमच्यातच एकमत नव्हतं.